अकरा हिवाळ्यांचा पासंग

खमिसीचा स्क्रू संपला तो जानेवारीतल्या एका सोमवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास. अकरा वर्षं जो स्क्रू केसभर फिरवला की काम व्हायचं, तो त्या दिवशी नुसताच फिरायला लागला. आतून बारीक टिक टिक आवाज येत होता आणि काटा मात्र शून्याच्या उजवीकडे ठाण मांडून बसला होता. खमिसीने आणखी एक फेरा दिला. टिक. अजून एक. टिक.

"चल ना रे बाबा," तो स्क्रूला म्हणाला, "म्हाताऱ्या माणसाला कशाला छळतोस?"

म्हातारा कसला, त्रेपन्न वर्षांचा. पण ऐन तूतमध्ये पन्नाशी उलटली की माणूस स्वतःला म्हातारा म्हणायला लागतो, तेवढाच जरा मान मिळतो.

आमचं ऐन तूत म्हणजे डोंगराच्या उतारावरची एकेचाळीस घरं, एक झरा, एक मशीद आणि अम्मी सादेकचा, म्हणजे सादेककाकाचा, कहवाखाना. हा उतार चिकणमातीचा. हिवाळ्यात पाऊस लागला की तो खाली सरकेल का, ही भीती इथे आजोबांच्या काळापासून आहे. म्हणून सरकारी कचेरीने १९९० साली झऱ्याच्या वर बारा मीटर खोल भोक पाडलं आणि त्यात एक यंत्र उभं करून ठेवलं. डोंगर कलला की यंत्र कलणार, आणि यंत्र कललं की तारेतून विजेचा दाब वर पाठवणार. तोही इतका कमी की त्याने मुंगीलासुद्धा झिणझिण्या यायच्या नाहीत. झऱ्याशेजारच्या पत्र्याच्या खोलीत एक पेटी होती, तिची दर सोमवारची नोंद खमिसीकडे. पेटीतली आठ पायांची काळी चिप तो दाब हजारपट मोठा करायची, आणि तेव्हा कुठे काटा हलायचा.

आता या चिपच्या जातीलाच एक खोड असते. तिला काहीही दिलं नाही तरी ती काहीतरी दाखवते. वाण्याच्या तराजूत काहीच नसताना एक पारडं खाली झुकलेलं असतं ना, तसं. वाणी काय करतो? वरच्या पारड्याला एखादा खडा बांधतो आणि काटा सरळ करतो. त्याला पासंग म्हणतात. चिपचा पासंग म्हणजे तिच्या शेजारचा तो पितळी स्क्रू. तो पंचवीस फेरे फिरतो. काटा शून्यावर आणायचा, आणि स्क्रू हलू नये म्हणून त्याच्या डोक्यावर नेलपॉलिशचा एक थेंब सोडायचा. खमिसीच्या खिशातली बाटली लालभडक होती, त्याच्या थोरल्या बहिणीने, झुलिखाने, मुलीच्या लग्नात आणलेली. त्यावरून कहवाखान्यात त्याची कमी थट्टा झाली नव्हती.

स्क्रू संपल्यावर खमिसीला वाटलं, चिप मेली. चिपा काय, मरतात. खणात तीन नव्या पडून होत्या. त्याने जुनी उपसली, नवी बसवली, पेटी चालू केली. काटा तसूभरही हलला नाही. तिथेच, उजवीकडे. तिसरी लावली तरी तेच.

खमिसी स्टुलावर बसला. तीन-तीन चिपांना एकाच बाजूची, एकाच मापाची खोड कशी असेल? आणि तेव्हा, अकरा वर्षांत पहिल्यांदा, त्याच्या डोक्यात आलं की काटा दर सोमवारी उजवीकडेच सरकलेला असायचा. उन्हाळ्यात उजवीकडे, हिवाळ्यात जरा जास्त उजवीकडे. डावीकडे एकदासुद्धा नाही. थंडी-उन्हाने बिघडणारी चिप कधी इकडे जाते, कधी तिकडे. एकाच वाटेने अकरा वर्षं चालत राहायला ती काय हजला निघाली होती?

त्याचा हात आपसूक किल्ल्यांच्या जुडग्याकडे गेला. जुडग्यात बोटभर लांबीची एक तांब्याची पट्टी होती, दोन्ही टोकांना खाचा असलेली. इंजिनियर सी हफीदने दिलेली; 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'श्रीयुत'.

सी हफीदने पेटी बसवली तेव्हा खमिसीला तीन वर्षं हाताखाली घेऊन शिकवलं होतं. "हे बघ," तो म्हणायचा, "आधी काटा वाच आणि लिही. मग डोंगराकडून येणाऱ्या दोन तारांची तोंडं या पट्टीने एकमेकांना जोड. आता डोंगर मुका झाला. तरीही काटा जे दाखवेल ती चिपची खोड, ती स्क्रूने काढ. मग पट्टी सोडव. आता जे दिसेल तो डोंगर. कळलं? पट्टी लावल्याशिवाय स्क्रूला हात लावलास तर हात तोडीन, गाढवा." सी हफीदच्या हुशारीच्या पासंगालाही आमच्या कचेरीतलं कुणी पुरलं नसतं. पण १९९३ च्या वसंतात त्याच्या दाराखालून जिवे मारण्याच्या धमकीची एक चिठ्ठी आली, तशा त्या काळात पुष्कळांना येत होत्या, आणि आठ दिवसांत तो बायकामुलांसह माँट्रियलला निघून गेला. जाताना पट्टी खमिसीच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "जप."

खमिसीने जपली. वापरली मात्र नाही.

त्याला दोष देणं सोपं आहे. पण ती वर्षं ज्यांनी काढली ते देणार नाहीत. झऱ्याच्या वाटेवर सैनिकांची चौकी बसली होती. चौकीवरचं पोर बंदूक छातीशी धरून सांगायचं, "दहा मिनिटं. अकराव्या मिनिटाला तू कोण ते मी ओळखत नाही." तारांची तोंडं भिंतीतल्या खबदाडात होती, झाकणाचे चार गंजके स्क्रू काढल्याशिवाय हात पोचत नसे, त्यातच पंधरा मिनिटं जायची. मग खमिसीने काय केलं? खबदाड उघडणं सोडलं. सरळ स्क्रू फिरवला, काटा शून्यावर आणला, लाल थेंब सोडला, वहीत 'सिफर', म्हणजे शून्य, लिहिलं आणि पळाला. पुढच्या सोमवारी तेच. चौकी उठली २००० साली. सवय काही उठली नाही.

त्या सोमवारी त्याने खबदाड उघडलं. एक स्क्रू खाली पडला तो सापडलाच नाही. पट्टी खाचांत बसली.

काटा सणकन डावीकडे गेला आणि टोकाला जाऊन थडकला.

डोंगर मुका केल्यावर काटा डावीकडे. म्हणजे पासंग चिपचा नव्हताच. खमिसीने अकरा वर्षं जो खडा बांधला तो डोंगराच्या पारड्याविरुद्ध बांधला होता. त्याने स्क्रू उलटा फिरवायला घेतला आणि या वेळी फेरे मोजले. एक, दोन, पाच, नऊ. साडेबारा फेऱ्यांनी काटा शून्यावर आला, तेही पंचवीसच्या अगदी मधोमध. चिप धुतल्या तांदळासारखी स्वच्छ होती. मग त्याने पट्टी सोडवली आणि काटा उजवीकडे असा आपटला की काचेचा आवाज झाला.

पायाखालची जमीन सरकली, असं आपण बोलण्याच्या ओघात बोलून जातो. खमिसी भिंतीला धरून उभा राहिला, कारण ती खरोखरच सरकत होती.

*

कचेरीतला मुख्य अधिकारी सी मदनी वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. त्याने खमिसीला बसवलं, कॉफी मागवली, सगळं ऐकून घेतलं. मग कपाटातून अकरा वह्या काढून टेबलावर रचल्या.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"काय लिहिलंय?"

"सिफर."

"पुढचं पान?"

"सी मदनी, सगळीकडे सिफरच आहे, मला माहीत आहे. मी आधी शून्य करत होतो आणि मग शून्य लिहीत होतो. मी डोंगर मोजलाच नाही हो! मी माझा स्क्रू मोजला."

सी मदनीने कपाळावर हात मारून घेतला. "बरं, धरून चालू की उतार कललाय. किती कललाय?"

"पेटी दाखवू शकते त्याच्याही पलीकडे."

"कधी? दरवर्षी थोडा थोडा? की दहा वर्षं गप्प होता आणि या हिवाळ्यात एकदम? कारण पहिलं असेल तर अजून वीस वर्षं काही होत नाही. आणि दुसरं असेल तर..." त्याने वाक्य तिथेच टाकलं. "सांग ना. कोणत्या हिवाळ्यात किती फेरे दिलेस?"

दर आठवड्याला केसभर, कधी दोन केस. लिहिलं कुणी होतं? स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचे थरावर थर होते, तेवढीच काय ती नोंद, आणि तीसुद्धा त्याने सकाळी नखाने खरवडून काढली होती.

"मी राजधानीला काय लिहू?" सी मदनी म्हणाला. "अकरा वर्षं शून्य आणि एका सकाळी अनंत? ते म्हणतील पेटी बिघडली, आणि तुझ्या म्हाताऱ्यालाही पेटीबरोबर मोडीत काढ. आता नीट पद्धतीने वर्षभर नोंदी घे. मग बघू."

"वर्षभर?"

"आणि बघून तरी काय करणार, खमिसी? घरं वाटून झाली."

ते मात्र खरं होतं. १९९९ साली खाली मैदानात सरकारी इमारती उठल्या, तेव्हा कचेरीची जीप ऐन तूतला आली होती. ज्या वस्तीचा उतार सरकतो तिला घरं मिळणार होती. निम्मी वस्ती पिशव्या भरूनच बसली होती. तेव्हा झुलिखा झऱ्यापाशी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी कडाडली, "लाज नाही वाटत? माझा भाऊ दर सोमवारी डोंगराची नाडी बघतो. सिफर म्हणजे सिफर! फुकटच्या घरासाठी बापाच्या जमिनीला बदनाम करताय?" साहेबांनी खमिसीची वही उघडली, वहीनेही तेच सांगितलं. घरं नदीकाठच्या वस्तीला गेली. झुलिखाचा मुलगा तिला आन्नाबा शहरात नेतो म्हणाला, तर त्यालाही तिने तेच सुनावलं. आता त्याच्या दीड खोलीत पाच माणसं आहेत, तिला जागाच नाही.

*

खमिसी वर चढला तो आधी कहवाखान्यात गेला. तिथला रिवाज ठरलेला. अम्मी सादेक कपात कॉफी ओतता ओतता विचारणार, "काय म्हणतो डोंगर?" खमिसी म्हणणार, "सिफर!" आणि त्या कॉफीचे पैसे घेतले जाणार नाहीत. अकरा वर्षं त्याने ती कॉफी प्यायली होती.

"काय म्हणतो डोंगर?"

"सरकतोय, अम्मी. माझी चूक झाली. कित्येक वर्षं सरकतोय."

अम्मी सादेक खदखदून हसला. "वा रे वा! अकरा वर्षं घोरत पडलेला डोंगर, आणि वसंतात नवी घरं वाटणार अशी आवई उठल्याबरोबर जागा झाला? किती खोल्यांचं हवंय तुला?"

"अम्मी, वल्लाह, मी..."

"शपथा नको घेऊ. तेव्हा तुझ्या बहिणीने आम्हाला भिकारी म्हटलं होतं, आठवतं का? आता तिला घर हवं झालं की डोंगर हलला! घे, कॉफी घे. डोक्याला थंडी लागलीय तुझ्या."

आजूबाजूचे हसले. हसू तसं मनापासूनचं नव्हतं, पण हसले. खमिसीने कप उचलला नाही. बाहेर पडून तो गल्लीने चालू लागला, आणि चालता चालता दारं बघू लागला. प्रत्येक दार वरच्या कोपऱ्यात तासलेलं. प्रत्येक भिंतीवर ताज्या चुन्याचा एक वेडावाकडा पट्टा. अम्मी सादेकच्या कहवाखान्याच्या मागच्या भिंतीवरचा गिलावा तर अजून ओला होता. आख्खी वस्ती अकरा वर्षं आपापला स्क्रू फिरवत होती, आणि कुणालाच काही कळलं नव्हतं.

झुलिखा कसरा, रव्याची जाड भाकरी, भाजत होती. घरभर रव्याचा खरपूस वास. तिचं घर उताराच्या कडेपासून तिसरं.

"आलास? आणि तोंड का असं एरंडेल प्यायल्यासारखं? बस. शोरबा गरम आहे."

"लल्ला," थोरल्या बहिणीला तो याच हाकेने बोलावायचा, "हे दार कितीदा तासलं?"

"दार?" ती वळली. "दर हिवाळ्यात अडतं. लाकूड फुगतं पावसाने. सुताराला बोलावते, रंधा मारून जातो. का रे?"

खमिसीने दार ओढून घेतलं. खालून ते उंबऱ्याला घासत होतं, आणि वर एका कोपऱ्यात चौकटीशी दोन बोटं फट होती. फटीत तिने जुन्या लुगड्यासारखं काही कापड कोंबलं होतं. लाकूड फुगलं असतं तर उन्हाळ्यात पुन्हा आकसलं असतं. दार तेच होतं. चौकट कलली होती.

त्याने तिला सगळं सांगितलं. पट्टी, चौकी, स्क्रू, सगळं. ती तव्याशी उभीच राहिली. कसरा करपली तेव्हा कुठे तिने ती उचलून बाजूला टाकली.

"म्हणजे तू खोटं बोललास?"

"नाही ग लल्ला. मी शून्य बघितलं तेच लिहिलं. पण ते शून्य मीच आणलेलं होतं."

"मग खोटंच की," ती शांतपणे म्हणाली. "फरक काय?"

खमिसीला रडू फुटलं. त्रेपन्न वर्षांचा बाप्या, बहिणीच्या स्वयंपाकघरात उभा राहून पोरासारखा रडला. ती जवळ आली नाही. थोड्या वेळाने तिने हात धुतले.

"माझ्याकडे चल," तो म्हणाला. "खाली क्वार्टरमध्ये एक खोली आहे, दोघांना पुरते. आज चल. आत्ता."

"आणि ही चाळीस घरं?"

"मी सांगितलं त्यांना. हसले."

"हसणारच. झऱ्यापाशी त्यांना गप्प कुणी केलं? तू नाही केलंस, खुया, माझ्या भावा. मी केलं. मी आज पिशवी उचलून तुझ्यामागे निघाले तर उद्या वस्तीतल्या त्या फाटक्या पोरी माझ्याकडे बघून काय म्हणतील? त्यांना न्यायला कुणाचा भाऊ येणार आहे?"

"लल्ला, मरशील ग!"

"मग मरेन," ती म्हणाली. "ओरडू नकोस, शेजारी ऐकतात."

*

त्यानंतर खमिसीने काम पद्धतशीर केलं, सी हफीदला अभिमान वाटावा असं. चिपची हजारपट कमी करून शंभरपट केली, तेव्हा काटा पुन्हा मापात आला. दर सोमवारी आधी वाचायचं, मग पट्टी, मग स्क्रू, मग पट्टी सोडवून पुन्हा वाचायचं. स्क्रूला आता हातच लावावा लागत नव्हता. वहीत रीतसर आकडे पडू लागले. बारा. साडेबारा. चौदा. सोळा. दर महिन्याला तो आकड्यांची नक्कल कचेरीत देत होता आणि सी मदनी ती फाईलला लावत होता. फेब्रुवारीत सलग नऊ दिवस पाऊस झाला. एकोणीस.

फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच तो आपली गादी पाठीवर घेऊन झुलिखाकडे राहायला आला होता. तिने भिंतीकडेची जागा झाडून दिली. कहवाखान्यात त्याला आता कुणी डोंगराचं विचारत नव्हतं. अम्मी सादेक कॉफी द्यायचा, पैसे घ्यायचा, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायचं टाळायचा.

महिनाअखेरीला सुतार रंधा घेऊन आला. झुलिखानेच बोलावला होता, सवयीने. खमिसी दारात आडवा झाला.

"रंधा मारायचा नाही."

"अहो, मग लागणार कसं?" सुतार म्हणाला. "थंडी आत येईल."

"येऊ दे. या दाराला हात लावायचा नाही."

सुताराने झुलिखाकडे बघितलं. तिने मान हलवली, तेव्हा तो पुटपुटत निघून गेला. मग खमिसीने कापड उपसून टाकलं, खिशातली पेन्सिल काढली आणि फट जिथे संपते तिथे चौकटीवर एक रेघ मारली, शेजारी तारीख घातली. पुढच्या सोमवारी झऱ्याकडून आल्यावर दुसरी. त्याच्या पुढच्या सोमवारी तिसरी.

तिसरी रेघ मारताना झुलिखा मागे येऊन उभी राहिली, हातात शोरब्याचा वाडगा. इतकी वर्षं तिने कधीच विचारलं नव्हतं. तिला विचारायची गरजच नव्हती, उत्तर माहीत असायचं.

"किती, खुया?"

खमिसीने अंगठा आणि बोट यांत अंतर धरून दाखवलं.

"महिन्यात?"

"आठवड्यात."

तिने त्या बोटांकडे बघितलं, मग रेघांकडे, मग उघड्या दारातून समोरच्या घराकडे. तिथे कुणीतरी शिडीवर चढून भिंतीला चुना लावत होतं.

"जेवून घे," ती म्हणाली. "गार होतंय."

त्याने वाडगा घेतला आणि उंबऱ्यावर बसून शोरबा प्यायला. दार आता लागत नव्हतंच.